श्रिम्प अँड ग्रिट्स, क्रीम न घालता (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

अमेरिकेच्या दक्षिण भागात नवीन आलात की ऑफिसच्या पहिल्या दोनचार टीम लंचमध्ये कुठेतरी श्रिम्प अँड ग्रिट्स समोर येतातच. मी शार्लटला आलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मला ते भेटले. खोलगट प्लेटमध्ये पांढरं मऊ काहीतरी, वर कोळंबी, बेकनचे तुकडे आणि सगळ्यावरून पिवळट क्रीमचा रस्सा. चव जबरदस्त होती, चाटूनपुसून खाल्लं आणि मग दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवताना नाकी नऊ आले.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तर ती म्हणाली, "अरे ह्या तर कण्या, एवढं काय कौतुक". आणि खरंच आहे ते. आम्ही सांगलीकडचे, आमच्याकडे जोंधळ्याच्या कण्या ताकाबरोबर खातात, मक्याच्याही करतात, आणि ग्रिट्स म्हणजे वाळवलेल्या मक्याच्या भरडून केलेल्या कण्याच. अमेरिकेतले मूळ रहिवासी हे शेकडो वर्षं खात होते, गोऱ्यांनी त्यांच्याकडून घेतलं. जॉर्जिया राज्याने तर 2002 मध्ये ग्रिट्सला राज्याचा अधिकृत तयार पदार्थ म्हणून जाहीर केलंय.

आता बायको मालवणची. तिला कण्यांचं कौतुक नाही पण सुंगटांवर (कोळंबीला तिकडे सुंगटा म्हणतात) ती कोर्टात साक्ष देऊ शकेल. त्यामुळे आमच्या घरात ह्या डिशचा खालचा मजला माझा आणि वरचा तिचा, आणि खाली जे लिहितोय ते दोघांनी मिळून सहासात वर्षांत घासूनपुसून बसवलेलं आहे. निमित्त झालं माझ्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचं, पण ती वेगळी कहाणी.

आधी थोडं मागचं, कारण ते कळलं की हलकं करताना नेमकं काय काढायचं तेही कळतं.

ही डिश मुळात साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन शहर आणि त्याच्या खालीवर पसरलेल्या किनाऱ्याची, ज्याला तिकडे लोकंट्री म्हणतात. खाड्या, दलदल, गवताळ पाणथळ, आपल्या कोकणातल्या खाडीकाठाची आठवण यावी असा भाग. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज, ज्यांना गल्ला गीची म्हणतात, ते तिथे हाताने जाळं फेकून कोळंबी पकडायचे. मालवणात ज्याला पाग म्हणतात तसलंच जाळं. ती ताजी कोळंबी थोड्या बटरमध्ये किंवा बेकनच्या तुपात परतायची, ग्रिट्सवर घालायची, झाला सकाळचा नाश्ता. चार्ल्स्टनमध्ये शिजलेल्या ग्रिट्सला जुनी माणसं हॉमिनी म्हणायची आणि ह्या डिशला नुसतं ब्रेकफास्ट श्रिम्प. नाश्ता होता हो, त्यात कुठलं आलंय कपभर क्रीम.

मग बिल नील नावाचे शेफ होते, नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला, त्यांनी 1982 मध्ये सुरू झालेल्या क्रुक्स कॉर्नर ह्या रेस्टॉरंटमध्ये ही डिश रात्रीच्या मेन्यूवर आणली. 1985 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे क्रेग क्लेबोर्न तिथे जेवून गेले, त्यांनी त्यावर लिहिलं आणि तिथून हा खाडीकाठचा नाश्ता देशभरच्या हॉटेलांत पोचला. गंमत अशी की नील यांच्या कृतीत ग्रिट्समध्ये चीज होतं, पण वर क्रीमचा रस्सा नव्हता, मशरूम, पातीचा कांदा, लसूण, लिंबू, थोडं बेकन आणि टबॅस्को (एक हॉट सॉस) होतं. जड रस्से, सॉसेज, वाटीवाटीने क्रीम हे वेगवेगळ्या किचन्सनी पुढे चढवत नेलं. म्हणून मी करतो ती आवृत्ती फार काही नवीन डाएट वगैरे नाही, चॅपल हिलच्या जवळपास जाऊन थांबलेली आहे एवढंच.

हिशोब बघा. मी सुरुवातीला ज्या कृतीने करायचो तिच्यात चार माणसांसाठी एक कप हेवी क्रीम (साधारण 800 कॅलरी), दोन कप किसलेलं चेडर चीज (900 च्या आसपास) आणि सहा टेबलस्पून बटर (600) होतं. म्हणजे कोळंबी आणि ग्रिट्स धरायच्या आधीच 2300, माणशी पावणेसहाशे. आता मी घालतो ते एक कप लो फॅट दूध, 45 ग्रॅम चेडर, एक टेबलस्पून बटर आणि एक टेबलस्पून तेल, सगळं मिळून 500 च्या आसपास, माणशी सव्वाशे. बाकी डिश तीच. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो, बटरच्या जागी तेवढंच ऑलिव्ह ऑइल ओतलं म्हणजे हलकं झालं असं नसतं, टेबलस्पूनभर तेलात 120 कॅलरी असतात आणि बटरमध्ये 100. तेलाने सॅच्युरेटेड फॅट कमी होतं हे खरं, पण कॅलरी कमी करायच्या तर चमचे कमी करावे लागतात, त्याला इलाज नाही.

सामान (चार माणसांचं)

ग्रिट्स एक कप. इथे पहिल्यांदा सगळेच चुकतात. दुकानात तीन प्रकार दिसतील. इन्स्टंट म्हणजे पाकीट फोडून गरम पाणी घालायचं, ते घेऊ नका, लापशीसारखं होतं, चव नाही. क्विक ग्रिट्स बारीक असतात, पाचसात मिनिटांत होतात, कामाच्या दिवशी चालतील. पण मजा स्टोन ग्राउंडमध्ये, म्हणजे दगडी जात्यावर भरडलेले, ज्यात मक्याचा कोंब राहतो आणि म्हणून मक्याचा वास राहतो. हलक्या आवृत्तीत तर हेच पाहिजेत, कारण चीज आणि क्रीम कमी केल्यावर मक्याची चव उघडी पडते आणि मक्यालाच चव नसेल तर मग काय खाणार. पाकिटावर ग्रिट्स असं लिहिलेलं बघून घ्या. मी पहिल्या वेळी बाजूचं कॉर्नमील उचललं होतं आणि रात्री नऊ वाजता आम्ही मक्याच्या झुणक्याबरोबर कोळंबी खाल्ली. स्टोन ग्राउंड घरी आणल्यावर फ्रीजरमध्ये ठेवायचे, कोंबातल्या तेलामुळे बाहेर खवट होतात.

कोळंबी एक पाउंड, म्हणजे 450 ग्रॅम. पाकिटावर 21/25 किंवा 26/30 असे आकडे असतात, त्याचा अर्थ एका पाउंडात तेवढे नग बसतात, आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. ह्या डिशला हे दोन्ही साइज बरोबर. शक्यतो टरफलासकट घ्या, का ते पुढे सांगतो. फ्रोझन असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, घटकांमध्ये कोळंबी आणि फार तर मीठ एवढंच असावं, सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट असं लिहिलेलं असेल तर ती पाणी धरून ठेवते, तव्यावर पाणी सोडत बसते आणि चव साबणासारखी लागते. पाकिटावर प्रॉडक्ट ऑफ इंडिया दिसलं तर दचकू नका, अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतेक कोळंबी बाहेरूनच येते आणि त्यात भारताचा वाटा सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, त्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांमधली. पण चार्ल्स्टनला जाणं झालं तर माउंट प्लेझंटच्या शेम क्रीकवर बोटींवरून उतरलेली, डोक्यासकटची कोळंबी मिळते, कूलर घेऊनच जा. आमच्याकडे ती एकच गोष्ट आहे ज्यासाठी बायको साडेतीन तास ड्राइव्ह करायला तक्रार न करता तयार होते.

बाकी: लो फॅट दूध एक कप, शार्प चेडर 45 ग्रॅम, बटर एक टेबलस्पून, तेल एक टेबलस्पून, मशरूमचं एक छोटं पाकीट (साधारण 225 ग्रॅम), पातीचा कांदा चारपाच काड्या, लसूण चार पाकळ्या, अर्धी ढोबळी मिरची, दोन चमचे मैदा, एक लिंबू, मिरपूड, पाप्रिका किंवा सरळ काश्मिरी तिखट, आणि कुठलाही व्हिनेगरवाला हॉट सॉस. बेकनच्या दोन पट्ट्या ऐच्छिक. चेडर माइल्ड घेऊ नका, शार्प किंवा एक्स्ट्रा शार्पच घ्या, कारण थोड्यात चव लागायला पाहिजे. आणि आधीच किसलेलं पाकीट नको, त्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, नीट वितळत नाही.

पहिलं काम: टरफलांचं पाणी

फ्रोझन कोळंबी चाळणीत घालून ती चाळणी थंड पाण्याच्या भांड्यात ठेवायची, वीस मिनिटांत सुटते. मायक्रोवेव्हमध्ये सोडवायची नाही, कडा शिजतात आणि आत बर्फ राहतो. सोलायची, पाठीवर हलकी चीर देऊन काळा दोरा काढायचा, धुऊन पेपर टॉवेलवर एकदम कोरडी करायची, चिमूटभर मीठ आणि तिखट चोळून फ्रीजमध्ये.

टरफलं टाकू नका!! हलकी आवृत्ती इथेच जिंकते किंवा हरते. टरफलं (डोकी असतील तर डोकीही) पाव चमचा तेलात गुलाबी होऊन वास सुटेपर्यंत परतायची, त्यावर साडेचार कप पाणी, पातीच्या कांद्याची मुळाकडची टोकं, चारपाच मिरी, असेल तर तमालपत्र, आणि वीस मिनिटं मंद उकळी. फार वेळ नको, कडवट होतं. गाळून घेतलं की चार कपांच्या आसपास फिकट नारिंगी पाणी मिळतं. क्रीम जिभेवर जो भरलेपणा आणतं तो ह्या पाण्याने येतो आणि त्यात कॅलरी जवळजवळ नाहीतच. कोळंबी सोललेलीच मिळाली असेल तर कमी मिठाचा चिकन स्टॉक किंवा साधं पाणी चालेल पण मग तेवढी मजा नाही हे आधीच सांगतो.

दुसरं काम: ग्रिट्स

स्टोन ग्राउंड ग्रिट्स मोठ्या भांड्यात घेऊन वर पाणी ओता आणि एकदा ढवळा. तांदूळ धुताना येतो तसा हलका कोंडा वर तरंगेल, तो गाळणीने काढून टाका आणि पाणी ओतून द्या. रात्री भिजवून ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी शिजायला बराच कमी वेळ लागतो, मी शुक्रवारी रात्री भिजवतो.

जाड बुडाच्या पातेल्यात टरफलांचं पाणी तीन कप, दूध एक कप, पाऊण चमचा मीठ. उकळी यायला लागली की ग्रिट्स एका हाताने धारेने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, अगदी उपम्याचा रवा सोडतो तसं. मीठ सुरुवातीलाच घालायचं, शेवटी घातलेलं मीठ दाण्याच्या आत जात नाही आणि मग ते कमी वाटतं म्हणून माणूस चीज वाढवतो. गुठळ्या झाल्याच तर घाबरायचं नाही, आपल्याकडे रवी असते, दोन मिनिटं घुसळा. इथल्या कुठल्याही व्हिस्कपेक्षा आईने बॅगेत कोंबून दिलेली लाकडी रवी ह्या कामाला भारी आहे.

आता आच एकदम मंद, झाकण अर्धवट, आणि दर चारपाच मिनिटांनी बुडापासून ढवळायचं. चाळीस मिनिटं ते एक तास. हो, लागतो तेवढा वेळ. दूध असल्यामुळे बुडाला लागतं, म्हणून फोन घेऊन सोफ्यावर जायचं नाही. घट्ट व्हायला लागलं की अर्धा अर्धा कप गरम पाणी घालत राहायचं. झालं कसं ओळखायचं? घड्याळ बघू नका, खाऊन बघा. दाणा दाताखाली कचकचायला नको, आणि पळीतून सोडलं तर सावकाश पडून सपाट पसरायला पाहिजे. वाढायच्या वेळी जरा जास्तच पातळ वाटले पाहिजेत कारण प्लेटमध्ये गेल्यावर दोन मिनिटांत ते घट्ट होतात, पहिल्यांदा करणारे सगळे इथे गंडतात आणि टेबलावर सिमेंट येतं.

ग्रिट्स मऊ होतात ते मक्यातला स्टार्च सावकाश फुलून बाहेर येतो म्हणून, क्रीममुळे नाही. घाई केली की दाणा कच्चा राहतो आणि मग तो कच्चेपणा झाकायला क्रीम लागतं. मी तर म्हणेन निम्म्या जड कृती ह्या घाईमुळे जड झालेल्या आहेत.

गॅस बंद केल्यावर बटर, किसलेलं चेडर आणि भरपूर मिरपूड. गॅस चालू असताना चीज घातलं तर तार सुटते आणि तेल वेगळं होतं.

वेळ नसेल तर इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) आहेच. आत एक वाटीवजा भांडं, त्यात एक कप ग्रिट्स, चार कप पातळ (दूध न घालता, ते नंतर), बाहेर पाणी, हाय प्रेशरवर दहा मिनिटं आणि मग पंधरा मिनिटं आपोआप प्रेशर उतरू द्यायचं. उघडल्यावर वर पाणी खाली गोळा दिसेल, रवीने घुसळा, एकजीव होतं. पातेल्यातल्याइतकं रेशमी नाही होत पण मंगळवारी रात्री कोण बघतंय. काही लोक निम्म्या ग्रिट्सऐवजी शिजवून वाटलेला फ्लॉवर घालतात, मी एकदा केलं, कार्ब कमी होतात पण फ्लॉवरचा वास कोळंबीच्या वर चढतो, माझ्या घरी तरी परत होणार नाही.

तिसरं काम: वरचं

हे ग्रिट्स जवळजवळ झाल्यावरच सुरू करायचं, कारण ह्याला दहाबारा मिनिटं लागतात आणि कोळंबी कुणासाठी थांबत नाही.

बेकन घालणार असाल तर दोन पट्ट्या बारीक चिरून थंड कढईतच टाका आणि मंद आचेवर कुरकुरीत करा. तुकडे बाजूला काढा, सुटलेल्या चरबीतला एक चमचा ठेवा, बाकी ओता. दोनच पट्ट्या चौघांना पुरतात कारण धुराचा वास चरबीतच असतो. डुक्कर खात नसाल तर टर्की बेकन घेण्यापेक्षा सरळ स्मोक्ड पाप्रिका अर्धा चमचा घाला, टर्की बेकनमध्ये मीठ तेवढंच आणि चव निम्मी.

त्याच कढईत आच मोठी करून मशरूमच्या चकत्या. अजिबात गर्दी नको, पहिली दोनतीन मिनिटं ढवळूही नका, नाहीतर स्वतःच्या पाण्यात उकडतात. पाणी उडून कडा तपकिरी झाल्या की ढोबळी मिरची, मग लसूण अर्धा मिनिट, मग मैदा भुरभुरून मिनिटभर परता. त्यावर टरफलांच्या पाण्यातला उरलेला पाऊण कप थोडा थोडा घालत बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या. दोन चमचे मैदा आणि पाऊण कप पाणी, एवढ्यात कालवणापेक्षा जरा दाट असा रस्सा होतो. हा सगळा रस्सा एका वाटीत काढून ठेवा.

कढई पुसून एक टेबलस्पून तेल, चांगलं तापू दे, कोळंबी एका थरात. इथून पुढे बायको माझ्या हातातून उलथनं काढून घेते. एका बाजूने दीड मिनिट, उलटून मिनिटभर, बस. कोळंबी सी अक्षरासारखी वळली की झाली, पूर्ण गोल ओ झाला म्हणजे गेली, रबर. तिच्या मते तर सी पूर्ण व्हायच्याही अर्धा सेकंद आधीच काढायला पाहिजे, कारण रस्सा गरम आहे आणि त्यात ती पुढे शिजतेच. तर रस्सा परत कढईत, गॅस बंद, अर्ध्या लिंबाचा रस, हॉट सॉसचे चारसहा थेंब, पातीचा कांदा. चव बघा. काहीतरी कमी वाटलं तर मिठाकडे जाण्याआधी उरलेलं लिंबू पिळा, फॅट कमी असलेल्या जेवणात बहुतेक वेळा आंबटपणाच कमी पडलेला असतो. तयार क्रेओल मसाले किंवा ओल्ड बे घालणार असाल तर त्यात भरपूर मीठ असतं, मग आधीचं मीठ कमी करा.

कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं म्हणून विचारतात लोक. असतं, पण सॅच्युरेटेड फॅट जवळजवळ नसतं, आणि 100 ग्रॅम कच्च्या कोळंबीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही.

वाढताना

खोलगट बाऊल आधी गरम पाण्याने धुऊन घ्या म्हणजे ग्रिट्स लगेच आळत नाहीत. माणशी पाऊण ते एक कप ग्रिट्स, मध्ये खड्डा, त्यात कोळंबी आणि रस्सा, वर बेकनचा चुरा आणि पात. सोबत काहीतरी हिरवं पाहिजे, इथले लोक कॉलर्ड ग्रीन्स करतात, आम्ही लसणाची फोडणी देऊन तेच करतो, माठासारखं लागतं. माझ्या हिशोबाने बेकनसकट एक बाऊल 400 ते 425 कॅलरीला पडतो आणि पोट भरतं. श्रावणात कोळंबी बंद असते तेव्हा मशरूम दुप्पट आणि पाण्याच्या जागी सुक्या मशरूमचं भिजवणीचं पाणी, तेही चांगलं लागतं, पण त्याला श्रिम्प अँड ग्रिट्स म्हणू नका, चार्ल्स्टनची माणसं मनाला लावून घेतात.

उरलं तर कोळंबी दुसऱ्या दिवशी गरम करत बसू नका, थंडच सॅलडवर टाका. ग्रिट्स मात्र मुद्दाम थोडे जास्त करा, रात्रीच तेल लावलेल्या ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी कोथिंबीर वडीसारख्या वड्या कापून तव्यावर चमचाभर तेलात दोन्हीकडून खरपूस करा. आईला त्याचा फोटो पाठवला तेव्हा उत्तर आलं, "ताक केलंस का बरोबर?"